हृदयरोगशास्त्राला स्वतःचे बोर्ड हवे का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे एकाच विषयावरची आहेत. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी आपल्या शाखेसाठी इंटर्नल मेडिसिनपासून (प्रौढांचे आजार शस्त्रक्रियेविना हाताळणाऱ्या मूळ शाखेपासून) वेगळे, स्वतंत्र बोर्ड, म्हणजे तज्ज्ञांची पारख करून त्यांना प्रमाणपत्र देणारी संस्था, असावे अशी मागणी 2023 च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केली, 2024 च्या जानेवारीत त्यासाठी रीतसर अर्ज केला आणि 2025 च्या सुरुवातीला तो अर्ज नामंजूर झाला. त्या देशात राहणाऱ्या आपल्या अनेक वाचकांनी या घडामोडींचा अर्थ विचारला आहे. मी स्वतः तेथेच आधी इंटर्नल मेडिसिनचे आणि मग हृदयरोगाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असल्यामुळे या वादात माझे एक मत आहे. ते लपवून तटस्थतेचा आव आणण्यापेक्षा ते कोठून आले हे उत्तरांच्या ओघात सांगणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

प्रश्न : माझ्या वडिलांवर उपचार करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांच्या खोलीत दोन प्रमाणपत्रे लावलेली आहेत आणि दोन्हींवर ‘अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिन’ हेच नाव आहे. मग ते हृदयाचे खरे तज्ज्ञ आहेत की सर्वसाधारण फिजिशियन? आणि बोर्डाचे प्रमाणपत्र नसेल तर डॉक्टरला काम करता येत नाही का?

उत्तर : ते पूर्णपणे हृदयरोगतज्ज्ञच आहेत, याबद्दल मनात शंका ठेवू नका. पहिले प्रमाणपत्र इंटर्नल मेडिसिनच्या तीन वर्षांच्या रेसिडेन्सीनंतरचे (रुग्णालयातील प्रशिक्षणानंतरचे) असते आणि दुसरे त्यापुढील तीन वर्षांच्या हृदयरोगाच्या फेलोशिपनंतरचे. दोन्ही एकाच बोर्डाकडून मिळतात, कारण अमेरिकेत प्रौढांचे हृदयरोगशास्त्र ही आजही इंटर्नल मेडिसिनची उपशाखा मानली जाते.

वैद्यकीय व्यवसाय करण्याचा परवाना प्रत्येक राज्य देते. बोर्डाचे प्रमाणपत्र ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. कायद्याने ते ऐच्छिक आहे. मात्र रुग्णालयात रुग्ण दाखल करण्याचा किंवा प्रक्रिया करण्याचा अधिकार देताना रुग्णालये, आणि आपल्या यादीत डॉक्टरचे नाव घालताना विमा कंपन्या, बहुतेक वेळा तेच विचारतात. त्यामुळे कागदावर ऐच्छिक असलेली ही गोष्ट व्यवहारात जवळजवळ अनिवार्य झाली आहे, आणि या वादातील बराचसा कडवटपणा याच विसंगतीतून आलेला आहे.

थोडा इतिहास सांगितल्याशिवाय हे चित्र पूर्ण होणार नाही. अमेरिकेतील पहिले असे बोर्ड नेत्रतज्ज्ञांनी 1916 मध्ये स्थापन केले, 1933 मध्ये सर्व बोर्डांची शिखर संस्था उभी राहिली, जिला आज ‘अमेरिकन बोर्ड ऑफ मेडिकल स्पेशालिटीज’ म्हणतात आणि जिच्याकडे हा अर्ज गेला होता, आणि 1936 मध्ये इंटर्नल मेडिसिनचे बोर्ड निघाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, म्हणजे 1940 च्या दशकाच्या आरंभी, त्याच बोर्डाने हृदयरोगाचे वेगळे प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. त्या काळी हृदयरोगतज्ज्ञाच्या हाताशी काय होते, हे डोळ्यांसमोर आणून पाहावे : स्टेथोस्कोप, ईसीजी, छातीचा एक्स-रे, डिजिटॅलिस, पाऱ्यापासून बनवलेली लघवीची औषधे आणि रुग्णाला दिलेला सक्तीच्या विश्रांतीचा सल्ला. शेजारच्या फिजिशियनकडेही हेच सारे होते; फरक होता तो केवळ अनुभवाचा आणि तल्लख कानांचा. अशा शाखेला वेगळे घर बांधून देण्याचे कोणाच्या मनातही आले नसते.

पुढे 1958 मध्ये क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांत एक्स-रेमध्ये दिसणारे औषध थेट सोडून त्यांचे चित्र घेण्याची पद्धत शोधली, 1977 मध्ये झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी जागत्या माणसाच्या हृदयाची रक्तवाहिनी फुग्याने उघडली, 1980 मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथे शरीरात बसवायचा पहिला डिफिब्रिलेटर (ठोका घातक रीतीने बिघडला तर विजेचा झटका देणारे यंत्र) माणसाला बसवला गेला आणि 2002 मध्ये फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता कॅथेटरमधून, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीतून, महाधमनीची झडप बसवली. फिजिशियनची ही उपशाखा हाताने काम करणारी शाखा झाली. बोर्डानेही त्याची दखल घेतली आणि ठोक्यांच्या विद्युत विकारांचे प्रमाणपत्र 1992 मध्ये, स्टेंट व कॅथेटरच्या प्रक्रियांचे 1999 मध्ये, हार्ट फेल्युअर व प्रत्यारोपणाचे 2010 मध्ये आणि प्रौढांमधील जन्मजात हृदयदोषांचे 2015 मध्ये सुरू केले. म्हणजे उपशाखेच्या पोटात आणखी चार उपशाखा झाल्या, पण वरचे छप्पर तेच राहिले.

प्रश्न : माझे यजमान गेली अठरा वर्षे हृदयरोगतज्ज्ञ आहेत. घरी या विषयावर बोलताना त्यांचा संताप मुख्यतः परीक्षा आणि फी यांवर असतो. ‘स्वतंत्र शाखा’ हे मोठे शब्द वापरून केलेली ही परीक्षेविरुद्धची तक्रारच आहे असे मला वाटते. माझे चुकते आहे का?

उत्तर : आपले निम्मे बरोबर आहे, आणि ते निम्मे नाकारण्यात अर्थ नाही. 1990 पूर्वी इंटर्नल मेडिसिनच्या बोर्डाने दिलेले प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी असे. 1990 पासून त्याला मुदत आली आणि दर दहा वर्षांनी परीक्षा देणे आले. मात्र आधीच्या मंडळींची आजन्म प्रमाणपत्रे तशीच राहिली. एकाच विभागात, शेजारशेजारच्या खोल्यांत, एकाच प्रकारचे रुग्ण पाहणाऱ्या दोन डॉक्टरांपैकी वयाने मोठा असलेला मोकळा आणि धाकटा परीक्षेला बांधलेला, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली. 2014 मध्ये बोर्डाने प्रमाणपत्र चालू ठेवण्याच्या या कार्यक्रमात आणखी अटी घातल्या आणि देशभरातून एवढा विरोध झाला, की 2015 च्या फेब्रुवारीत बोर्डाचे तत्कालीन प्रमुख रिचर्ड बॅरन यांनी, पुरेशी तयारी नसताना हा कार्यक्रम लादला गेला हे मान्य करून, जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी पर्यायी प्रमाणपत्र देणारी एक वेगळी संस्थाही उभी राहिली. 2023 मध्ये या सक्तीविरुद्धच्या एका ऑनलाइन निवेदनावर वीस हजारांहून अधिक सह्या झाल्या. ते निवेदन कर्करोगाच्या क्षेत्रातील डॉक्टरने सुरू केलेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे नाराजी एकट्या हृदयरोगतज्ज्ञांची नव्हती हे कळते.

बोर्डाच्या बाजूनेही सांगितले पाहिजे. 2022 पासून एकेका शाखेत त्याने दहा वर्षांच्या परीक्षेला पर्याय दिला आहे. या पर्यायात दर तीन महिन्यांना तीस प्रश्न येतात, प्रत्येकाला चार मिनिटे मिळतात, पुस्तक उघडून पाहता येते आणि बहुतेक उत्तरांचे स्पष्टीकरण लगेच समोर येते. हे असे पाच वर्षे चालते. पूर्वीच्या दिवसभराच्या परीक्षेपेक्षा ही पद्धत निश्चितच माणुसकीची आहे.

तरीही मूळ अडचण तिच्यातून सुटत नाही. दिवसभर शिशाचा एप्रन घालून कॅथलॅबमध्ये (कॅथेटरच्या प्रक्रियांच्या खोलीत) उभा राहणारा डॉक्टर रात्री जेवण उरकून लॅपटॉप उघडतो. पडद्याच्या कोपऱ्यात चार मिनिटांचे घड्याळ उलटे चालू असते आणि समोरचा प्रश्न अशा जन्मजात दोषाचा असतो, की ज्याचा रुग्ण त्याने फेलोशिपनंतर पाहिलेला नाही आणि पुढेही तो स्वतः पाहणार नाही, कारण असा रुग्ण आला तर तो त्या विषयाच्या तज्ज्ञाकडे पाठवणे हेच योग्य आहे. तो पुस्तक पाहून उत्तर देतो आणि ते बरोबरही येते. पण त्या दिवशी दुपारी त्याने चुन्याने कडक झालेल्या रक्तवाहिनीत स्टेंट घालताना घेतलेले निर्णय चांगले होते की वाईट, याबद्दल त्या बरोबर उत्तरावरून कोणाला काय कळले? शिवाय स्टेंटचे प्रमाणपत्र वेगळे आणि मूळ हृदयरोगाचे वेगळे. दोन्ही चालू ठेवायची तर दोन्हींचे मूल्यमापन वेगवेगळे पार पाडावे लागते.

सतत प्रमाणन केल्याने रुग्णांचे नेमके किती भले होते, याचा पुरावाही म्हणावा तितका भक्कम नाही. 2014 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात इंटर्निस्ट, म्हणजे इंटर्नल मेडिसिनच्या, डॉक्टरांवरील दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एका अभ्यासात आजन्म प्रमाणपत्र असलेले आणि मुदतीचे प्रमाणपत्र असलेले डॉक्टर यांच्या रुग्णांमध्ये टाळता येण्याजोग्या कारणांनी रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही, खर्चाच्या वाढीत मात्र थोडा फरक दिसला. दुसऱ्यात, माजी सैनिकांच्या चार रुग्णालयांत, गुणवत्तेच्या दहा मोजमापांपैकी एकातही फरक आढळला नाही. यावरून मूल्यमापनच नको असा निष्कर्ष मी काढत नाही. आपण जे मोजतो आहोत ते चुकीचे आहे, एवढाच निष्कर्ष मी काढतो.

आता आपल्या म्हणण्याच्या उरलेल्या निम्म्याकडे वळतो, जे मला मान्य नाही. विशेष प्रशिक्षणाने रुग्णाच्या जिवाला फरक पडतो आणि तो मोजता येतो. डिफिब्रिलेटर बसवण्याच्या एक लाख अकरा हजारांहून अधिक प्रक्रियांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. ठोक्यांच्या विकारांचे प्रशिक्षण घेतलेल्या तज्ज्ञांच्या हातून झालेल्या प्रक्रियांत गुंतागुंतीचे प्रमाण 3.5 टक्के होते, इतर हृदयरोगतज्ज्ञांच्या हातून 4 टक्के आणि छातीच्या शल्यचिकित्सकांच्या हातून 5.8 टक्के. असा अभ्यास केवळ नोंदींवर आधारलेला असतो, त्यामुळे त्यातून कार्यकारणसंबंध ठामपणे सांगता येत नाही, आणि त्यावरून स्वतंत्र बोर्डच हवे हेही थेट सिद्ध होत नाही. त्यातून एक गोष्ट मात्र दिसते, ती अशी की या शाखेपाशी स्वतःचे काम रुग्णागणिक मोजण्याचे साधन आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीच्या नोंदवह्या 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहेत. कोणत्या रुग्णाला का स्टेंट घातला, रक्तस्राव झाला का, मूत्रपिंडाला इजा झाली का, हे त्यांत नोंदलेले असते. ज्या शाखेकडे हे आहे, तिने आपल्या तज्ज्ञांची पारख बहुपर्यायी प्रश्नांवर का सोडावी? स्वतंत्र बोर्डाच्या बाजूने मला पटलेले सर्वांत जोरदार कारण हे आहे. आपले यजमान फीबद्दल बोलतात तेव्हा त्यांना नोंदवह्यांबद्दल विचारून पाहावे. मला वाटते, संताप थोडा निवेल आणि बोलणे पुढे सरकेल.

प्रश्न : मी तीस वर्षे इंटर्नल मेडिसिन केले आणि नुकताच निवृत्त झालो. आजचे तरुण हृदयरोगतज्ज्ञ रक्तवाहिनी पाहतात, झडप पाहतात, ठोका पाहतात. माणूस पाहणारा कोणी उरत नाही. त्यांना बोर्डही वेगळे दिले तर फिजिशियन असण्याशी त्यांचा उरलासुरला संबंधही तुटेल. आपण या मागणीच्या बाजूने कसे असू शकता?

उत्तर : डॉक्टरसाहेब, आलेल्या पत्रांत मला सर्वांत अस्वस्थ करणारे पत्र आपलेच होते, कारण त्यातील भीती खरी आहे.

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात माझ्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई आल्या. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले होते, दोन औषधांना दाद देत नव्हते, आणि कॅथेटरने हृदयातील ठोके बिघडवणाऱ्या भागाला डाग देण्याच्या प्रक्रियेसाठी त्यांची तारीखही ठरली होती. माझे काम फक्त प्रक्रियेआधीची तपासणी करण्याचे होते. नमस्कार करून त्यांचा हात हातात घेतला, तर बाहेर बर्फ पडत असूनही तळवा गरम आणि ओलसर लागला. मी त्यांना दोन्ही हात पुढे करून बोटे पसरायला सांगितली आणि बोटांवर टेबलावरचा एक कोरा कागद ठेवला. कागदाची कड थरथरत होती, पंख्याच्या वाऱ्यात थरथरावी तशी. सहा महिन्यांत सात किलो वजन उतरल्याचे त्यांनी आनंदाने सांगितले. त्या ते व्यायामाचे फळ समजत होत्या. थायरॉइडची तपासणी करायची राहून गेली होती. ज्याने त्याने ती दुसऱ्या कोणीतरी केली असेल असे धरले होते. थायरॉइडवर उपचार सुरू झाले, रक्त पातळ ठेवणारे औषध चालू ठेवले आणि तीन महिन्यांत ठोका आपोआप लयीत आला. प्रक्रियेची गरज उरली नाही.

त्या कागदाची युक्ती मला हृदयरोगाच्या फेलोशिपमध्ये कोणी शिकवलेली नाही. ती रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी, रात्रपाळीत, आपल्यासारख्याच एका ज्येष्ठ फिजिशियनने शिकवली. हृदय कमजोर झालेल्या माणसाच्या पायांची सूज उतरवायला लघवीचे औषध वाढवावे तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडावरील ताणाची खूण) चढते, ते सांभाळावे तर पोटॅशियम वर जाते, त्यातच मधुमेह असतो, रक्त कमी असते, नैराश्य असते. हे सारे एकाच खाटेवर असते. अशा वेळी ज्याला फक्त हृदयच वाचता येते त्याला हृदयही वाचता येत नाही.

म्हणूनच माझी पहिली अट आहे की इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षे तशीच राहिली पाहिजेत, एका महिन्याचीही काटछाट न होता. अर्ज करणाऱ्या संस्थांची मागणी हा पाया काढून टाकण्याची नव्हती, म्हणूनच मला तिच्या बाजूने उभे राहता आले. मात्र आजचे आश्वासन उद्याच्या पदाधिकाऱ्यांना बांधील नसते, हेही मी जाणून आहे. वैद्यकीय शिक्षणाचे कर्ज डोक्यावर असलेल्या विद्यार्थ्याला ठोक्यांच्या विकारांसारख्या उपशाखेपर्यंतचे आठ वर्षांचे प्रशिक्षण सहा वर्षांत होईल असे कोणी सांगितले, तर त्याला मोह पडणारच. आणि स्वतंत्र बोर्ड झाले की हा प्रस्ताव कधी ना कधी टेबलावर येणारच. त्या दिवशी आपण आणि मी एकाच बाजूला असू.

पण बोर्ड वेगळे झाले म्हणजे मूळ विद्येशी असलेले नाते तुटते, हे मात्र इतिहास पाहता मला पटत नाही. छातीच्या शल्यचिकित्सकांचे बोर्ड 1948 पासून सर्वसाधारण शल्यचिकित्सेच्या बोर्डाच्या आधाराने चालत होते आणि 1971 मध्ये ते स्वतंत्र झाले. त्यानंतरही पिढ्यान्पिढ्या हृदयशल्यचिकित्सक आधी सर्वसाधारण शस्त्रक्रिया शिकूनच छातीकडे वळत राहिले. हेही कबूल करतो की पुढे तेथे थेट प्रवेशाचा सहा वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रमही आला. आपल्या भीतीला त्यातून आधार मिळतो आणि माझ्या अटीलाही. आजच्या व्यवस्थेत, म्हणजे छप्पर एक असतानाही, माणूस न पाहणारे तज्ज्ञ तयार होत आहेतच, हे आपणच पत्रात लिहिले आहे. तेव्हा त्यावरचा उपाय प्रमाणपत्रावरील नावात नसून रेसिडेन्सीच्या वॉर्डात आहे, आणि तो वॉर्ड राखण्यासाठी आपल्यासारख्यांनी निवृत्तीनंतरही आठवड्यातून एक दिवस शिकवायला जावे, ही माझी आपल्याला विनंती आहे.

प्रश्न : अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी, अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि त्यांच्या जोडीच्या तीन संस्थांनी मिळून हे बोर्ड काढायचे होते. म्हणजे सभासदांची वर्गणी ज्यांच्याकडे जाते, तेच सभासदांची परीक्षा घेणार. हे योग्य आहे का? आणि अर्ज फेटाळला गेला म्हणजे विषय संपला का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे. शिखर संस्थेने नकार दिल्यामुळे आजची व्यवस्था आहे तशीच चालू आहे आणि हृदयरोगतज्ज्ञांची प्रमाणपत्रे इंटर्नल मेडिसिनचे बोर्डच देते. ज्या कारणांनी मागणी उभी राहिली ती कारणे मात्र नकाराने नाहीशी झालेली नाहीत, त्यामुळे विषय संपला असे मी म्हणणार नाही.

आपला पहिला प्रश्न मला या साऱ्या वादातील सर्वांत कळीचा वाटतो, आणि मागणी करणाऱ्यांनी त्याला पुरेसे महत्त्व दिले नाही असे माझे मत आहे. व्यावसायिक संस्थेचे काम सभासदांचे हित पाहण्याचे असते. ती परिषदा भरवते, अभ्यासक्रम विकते, सरकारदरबारी सभासदांच्या मोबदल्याची बाजू मांडते. यात वावगे काही नाही. बोर्डाचे काम याच्या नेमके उलटे आहे : गरज पडली तर एखाद्या डॉक्टरला ‘तुमचे ज्ञान पुरेसे नाही’ असे सांगणे आणि ते रुग्णांना दिसेल अशा रीतीने सांगणे. एकाच घरातील दोन भावांना ही दोन कामे दिली, तर जेवताना ते एकमेकांशी काय बोलतील याचा अंदाज कोणालाही करता येईल. परीक्षेची तयारी करून घेणारा अभ्यासक्रम एका भावाचा आणि परीक्षा दुसऱ्याची, असे झाले तर पैशाचाही प्रश्न येतो.

तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नेत्रतज्ज्ञांचे 1916 चे बोर्ड नेत्रतज्ज्ञांच्याच संस्थांनी काढले होते, आणि 1936 चे इंटर्नल मेडिसिनचे बोर्डही अमेरिकन मेडिकल असोसिएशन आणि अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स यांनी काढलेले आहे. जन्म कोणाच्या घरी झाला यावरून बोर्डाचा स्वभाव ठरत नाही. नंतर ते कोणाचे ऐकते यावरून ठरतो. संस्थांनी बोर्ड उभे करून द्यावे आणि मग दार बाहेरून लावून निघून जावे, इतकी ती फारकत स्पष्ट हवी. संस्थांचे पदाधिकारी बोर्डावर नसावेत. हृदयविकार झालेल्या रुग्णांचे आणि परिचारिकांचे प्रतिनिधी तेथे मताच्या अधिकारासह असावेत, नुसते ऐकायला बोलावलेले नसावेत. इंटर्निस्टांसाठीही त्यावर जागा असावी, म्हणजे आधीच्या पत्रलेखकांची भीती कोणीतरी त्या खोलीत बसून दरवेळी बोलून दाखवील. आणि दरवर्षी किती जणांचे मूल्यमापन झाले, किती जण अपुरे ठरले, त्यांना सुधारण्यासाठी काय मदत मिळाली आणि तरीही न सुधारलेल्या किती जणांचे प्रमाणपत्र गेले, हे आकडे जाहीर व्हावेत. ज्या बोर्डाच्या लेखी कोणीच कधी अपुरे ठरत नाही, ते बोर्ड रुग्णांच्या कामाचे नाही, मग ते इंटर्नल मेडिसिनच्या छपराखाली असो वा स्वतःच्या.

सतत शिकत राहणे आणि वेळोवेळी पारख होणे, या दोन गोष्टींची गल्लतही या चर्चेत फार होते. घोकून घेण्याची परीक्षा बंद व्हावी असे म्हणणारे माझे सहकारी तिच्या जागी कधी कधी नुसती हजेरी आणतात : इतक्या तासांची व्याख्याने ऐकली, इतके गुण मिळाले. अंधार्‍या सभागृहात मागच्या रांगेत बसून मीही अशी व्याख्याने ऐकली आहेत आणि तेथे काय चालते ते मला ठाऊक आहे. नोंदवहीतील स्वतःचे निकाल, त्यांची त्याच प्रकारच्या रुग्णांवर काम करणाऱ्या इतरांशी तुलना, आणि जेथे आपण कमी पडतो तेवढ्याच विषयाचा अभ्यास, असे चक्र बांधता आले तरच नव्या बोर्डाला अर्थ आहे. तेही काळजीपूर्वकच करावे लागेल, कारण नुसत्या निकालांवर पारख केली तर अत्यवस्थ रुग्णाला हात लावायला डॉक्टर कचरतील. झटका आलेला, रक्तदाब कोसळलेला माणूस टेबलावर असताना ‘याने माझा आकडा बिघडेल’ हा विचार डॉक्टरच्या मनाला शिवताही कामा नये, म्हणून रुग्ण मुळात किती गंभीर होता याचा हिशेब आकड्यांत धरावाच लागतो, आणि तो अचूक धरणे अतिशय अवघड असते.

प्रश्न : माझी मुलगी इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला हृदयरोगाकडे जायचे आहे. या अनिश्चिततेमुळे तिने थांबावे का? आणि मी स्वतः रुग्ण आहे. माझ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र चालू आहे की नाही हे मला कसे कळेल?

उत्तर : मुलीने अजिबात थांबू नये. तिच्या वाटेवरील एकही टप्पा आज बदललेला नाही. रेसिडेन्सी पूर्ण करावी, इंटर्नल मेडिसिनची परीक्षा मनापासून द्यावी आणि फेलोशिपसाठी अर्ज करावा. ठोक्यांच्या विकारांकडे वळायचे असेल तर पुढे आणखी दोन वर्षे आणि स्टेंटकडे वळायचे असेल तर निदान एक वर्ष धरून चालावे. मधल्या काळात मूत्रपिंडाच्या आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या वॉर्डातील पाळ्या तिने मागून घ्याव्यात. फेलोशिपमध्ये त्यासाठी वेळ मिळत नाही.

आपल्यासाठी सांगायचे तर, अमेरिकेत कोणत्याही डॉक्टरचे बोर्ड प्रमाणपत्र शिखर संस्थेच्या ‘सर्टिफिकेशन मॅटर्स’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. इंटर्नल मेडिसिनच्या बोर्डाच्या संकेतस्थळावरही नाव घालून शोधता येते. तेथे प्रमाणपत्र कोणत्या विषयाचे आहे तेही दिसते आणि ते पाहायला विसरू नये, कारण ‘हृदयरोग’ आणि ‘कॅथेटरच्या प्रक्रिया’ ही दोन वेगळी प्रमाणपत्रे आहेत. नाव सापडले नाही तर लगेच वाईट अर्थ काढू नये, स्पेलिंग तपासून दवाखान्यात विचारावे. एखादी प्रक्रिया सुचवली गेली असेल तर आणखी तीन प्रश्न विचारावेत : ही प्रक्रिया आपण गेल्या वर्षभरात किती वेळा केली, आपल्या रुग्णालयाची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत जाते का, आणि ही प्रक्रिया न करता औषधांवर राहिलो तर पुढच्या वर्षभरात काय होऊ शकेल. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून घ्यावे आणि घरी गेल्यावर शांतपणे पुन्हा वाचावे.